वर कोण आहे? रात्रीचे ड्रोन, नागपूरचं नागास्त्र आणि आपले नियम

(या भागाचं लेखी रूप. बोलण्यातली पुनरुक्ती थोडी कापली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

नागपुरातून बोलतोय. मेट्रोत असाल, होस्टेलच्या गच्चीवर असाल, नाहीतर ऑफिसात काम करून राहिलो असं दाखवत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय ड्रोन. पण नवीन मॉडेल कोणतं आलं आणि कॅमेरा किती मेगापिक्सलचा, यावर मी बोलणार नाही. त्यासाठी यूट्यूब आहे. मला एकाच प्रश्नावर बोलायचंय: आकाशात एक लाइट दिसला, भुणभुण आवाज आला, तर तो कोणाचा आहे हे तुम्हाला-मला, पोलिसांना, सैन्याला कळतं कसं? आणि कळत नसेल तर काय होतं?

काय होतं ते आपण २०२४ च्या जून-जुलैत पाहिलंय. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर, नगर, आणि पुणे जिल्ह्यात शिरूर, जुन्नर, आंबेगाव, या पट्ट्यात रात्री गावांवर ड्रोन घिरट्या घालतात अशी बोंब उठली. लोक काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन रात्र रात्र जागले. चोर ड्रोनने घरं हेरतात आणि मग दरोडा घालतात, अशी चर्चा. कोणी म्हणे सरकारी सर्व्हे चाललाय. कोणी आणखी काही. अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील राहत होते त्या ठिकाणावर ड्रोन फिरल्याचं सांगितलं गेलं आणि विषय थेट विधिमंडळात गेला. व्हॉट्सॲपवर तर विचारू नका. एकच व्हिडिओ चार जिल्ह्यांत चार गावांचा म्हणून फिरत होता.

आता नागपूर-मुंबईत बसून 'खेड्यातले लोक, अफवेवर विश्वास ठेवतात' असं म्हणणं फार सोपं आहे. म्हणून लगेच अमेरिकेत जाऊ. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यू जर्सी राज्यात हेच झालं. रात्री ड्रोन दिसतात म्हणून एफबीआयकडे पाच हजारांवर तक्रारी आल्या. त्यांतून पुढे तपास करण्यासारख्या निघाल्या शंभरच्या आसपास. बाकी बहुतेक विमानं, हेलिकॉप्टर, तारे आणि रीतसर उडणारे ड्रोन. शिकलेली माणसं, हातात आयफोन, घराघरात इंटरनेट, आणि घाबरण्याची पद्धत शिरूरसारखीच. याचा शिक्षणाशी फार संबंध नाही. वर जे आहे त्याला ओळख नाही, आणि ओळख नसलेल्या गोष्टीत माणूस आपली भीती भरतो.

चोर ड्रोन वापरतील का? मला हे पटत नाही, आणि कारण अगदी साधं आहे. ड्रोन ओरडतो. चार पंखे मिनिटाला हजारो फेरे घेतात, शांत रात्री शंभर मीटरवरूनही कुत्री भुंकायला लागतील इतका आवाज होतो. बाजारातल्या साध्या ड्रोनचा कॅमेरा अंधारात जवळजवळ आंधळा असतो, आणि थर्मल कॅमेऱ्याचा ड्रोन घ्यायला लाखांत पैसे लागतात. ज्याला गुपचूप चोरी करायची तो गाव जागं करणारं यंत्र कशाला पाठवेल? दिवसा चक्कर मारून कुलूप बघणं फुकट आहे बाप्पा.

तरी दिसलाच लाइट, तर काही खुणा सांगतो. विमानाच्या डाव्या पंखाला लाल आणि उजव्या पंखाला हिरवा दिवा असतो, आणि ते एका दिशेनं सरळ जातं. नागपूर देशाच्या मध्यावर असल्यामुळे आपल्या डोक्यावरून रात्रभर विमानं जात असतात. जाता जाता, १९४९ पासून कित्येक वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून रात्री टपालाची विमानं सोनेगावला यायची, इथे थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत परत जायची. म्हणजे रात्री आकाशात दिवे बघायची आपल्या शहराला जुनी सवय आहे. फोनवर फ्लाइटरडार उघडा, विमान असेल तर बहुतेक वेळा नावासकट दिसेल. एकाच जागी तासभर थांबलेला तेजस्वी ठिपका असेल तर तो ग्रह आहे, कारण साधा ड्रोन बॅटरीवर वीस-तीस मिनिटंच टिकतो. खरंच ड्रोन वाटला तर वेळ आणि दिशा टिपून ११२ ला फोन करा. दगड मारू नका, बंदूक तर अजिबातच नको. वर गेलेली वस्तू कुठेतरी खाली येते, आणि लिथियमची बॅटरी फुटून गवताच्या गंजीवर पडली तर चोराविनाच गाव पेटेल.

पण ह्या सगळ्या अंदाजाच्या गोष्टी झाल्या. रस्त्यावर गाडीनं कट मारला तर आपण नंबर बघतो. ड्रोनला नंबर नसतो का? असतो. २५ ऑगस्ट २०२१ ला आलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे ड्रोनची नोंदणी करून युनिक आयडेंटिफिकेशन नंबर घ्यावा लागतो. तो असतो अंगावर. रात्री, शंभर मीटर उंचीवर, वीतभर यंत्राच्या अंगावरचा नंबर तुम्ही कसा वाचणार?

यावर जगात एक उपाय निघालाय, त्याला रिमोट आयडी म्हणतात. ड्रोन उडताना ब्लूटूथ किंवा वायफायवरून सतत ओरडत राहतो: मी अमुक नंबरचा, माझी जागा ही, उंची ही, वेग हा, आणि मला उडवणारा इथे उभा आहे. साधं ॲप असलेला फोनही हे ऐकू शकतो. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये हा नियम लागू झाला आणि मार्च २०२४ पासून कारवाई सुरू झाली. युरोपात बऱ्याच प्रकारच्या ड्रोनना तो जानेवारी २०२४ पासून आहे. आपल्या २०२१ च्या नियमांतही याची जागा राखून ठेवलीय. 'परवानगी नाही तर उड्डाण नाही' हे सॉफ्टवेअर, लाइव्ह ठावठिकाणा सांगणारा बीकन आणि जिओफेन्सिंग, ही तीन वैशिष्ट्यं सरकार पुढे सक्तीची करू शकतं, आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत देईल, असं लिहिलंय. चार वर्षं उलटून गेली तरी ते 'पुढे' काही आलं नाही. म्हणजे शिरूरच्या सरपंचाच्या आणि पोलीस पाटलाच्या हातात त्या रात्री काहीही नव्हतं.

माझं सरळ मत आहे की हा बीकन लवकर सक्तीचा व्हावा. पण इंजिनिअर म्हणून त्यातला काटाही दाखवतो. डीजेआय या चिनी कंपनीचे ड्रोन आधीपासून अशी माहिती स्वतःहून प्रसारित करतात. २०२३ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ही माहिती एन्क्रिप्ट केलेली नसते. योग्य रेडिओ असला की ड्रोन कुठे आहे आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे उडवणारा माणूस कुठे उभा आहे, दोन्ही कळतं. युक्रेनच्या युद्धात याचा अर्थ काय होतो ते वेगळं सांगायला नको. आपल्याकडे समजा एखादी मुलगी एकटीच टेकडीवर शूट करतेय, तिची अचूक जागा आजूबाजूच्या कुठल्याही फोनला का कळावी? म्हणून ड्रोनचा नंबर आणि जागा सगळ्यांना दिसावी, आणि चालवणाऱ्याची जागा फक्त पोलिसांना उघडता यावी, अशी रचना असली पाहिजे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, आपण रोज यूपीआयमध्ये याहून किचकट गोष्टी करतो.

'पण वाईट माणूस बीकन बंद करेल ना!' करेलच. नंबरप्लेट काढून गाडी चालवणारेही असतात. पण दहातले नऊ स्वतःची ओळख सांगत असतील तर पोलिसांना एकच शोधायचा राहतो.

आता ह्या वाईट माणसाच्या गोष्टीवर येऊ, कारण इथे आपलं नागपूर थेट मधे येतं.

अमरावती रोडवर बाजारगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल. तिथल्या सोलार समूहाच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज या कंपनीनं नागास्त्र-१ बनवलं. जून २०२४ मध्ये त्यातले पहिले १२० नग सैन्याला मिळाले, एकूण ऑर्डर ४८० ची. वजन नऊ किलो, म्हणजे सैनिक पाठीवर नेऊ शकतो. अर्धा तास हवेत फिरतं, माणसाच्या नियंत्रणाखाली १५ किलोमीटर आणि स्वतःहून ३० किलोमीटरपर्यंत जातं, पोटात एक किलोचं स्फोटक. लक्ष्य सापडलं तर त्यावर जाऊन आदळतं. सापडलं नाही तर पॅराशूटनं परत उतरवता येतं, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात हुशारीचं वाटतं. क्षेपणास्त्र एकदा सुटलं की सुटलं, याला परत बोलावता येतं. ३० मार्च २०२५ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, पंतप्रधानांनी तिथेच १२५० मीटर लांबीच्या धावपट्टीचं उद्घाटन केलं, ती खास मानवरहित विमानांसाठी आहे.

आपल्याकडे याचा अभिमान वाटतो आणि वाटावाच. पण त्याच समूहाच्या बाजारगावच्या कारखान्यात १७ डिसेंबर २०२३ ला झालेल्या स्फोटात नऊ कामगार गेले, त्यांत सहा बाया होत्या. 'मेक इन इंडिया'च्या रीलमध्ये ड्रोन दिसतो, दारू भरणारे हात दिसत नाहीत. एवढं बोलून पुढे जातो.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं. ८ आणि ९ मेच्या दरम्यानच्या रात्री पाकिस्ताननं लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी तीनशे ते चारशे ड्रोन पाठवले, असं आपल्या सरकारनं सांगितलं. यातले बरेचसे स्फोट करायला आलेलेच नव्हते. आपली रडार कुठे चालू होतात, तोफा कुठून बोलतात, हे बघायला आणि आपला दारूगोळा संपवायला ते आले होते. स्वस्त ड्रोनवर महागडं क्षेपणास्त्र सोडलं तर लढाई जिंकूनही तिजोरी हरते. या हिशेबाला उत्तर म्हणून नागपुरातच भार्गवास्त्र तयार झालं, सोलार डिफेन्स अँड एरोस्पेसचं. १३ मे २०२५ ला ओडिशातल्या गोपालपूरला त्याच्या छोट्या रॉकेटच्या चाचण्या झाल्या. एकदा तर दोन सेकंदांच्या आत दोन रॉकेट सोडली. अडीच किलोमीटरपर्यंत पल्ला, आणि पहिल्या थरातली रॉकेट दिशा न बदलणारी, म्हणजे स्वस्त. ती थव्यात फुटतात आणि वीस मीटरच्या परिघात जे असेल ते पाडतात. दुसऱ्या थरात नेम धरून जाणारी छोटी क्षेपणास्त्रं, उरलेल्यांसाठी.

तुम्ही म्हणाल, रॉकेट कशाला, जॅमर लावा ना! इथे थोडं तांत्रिक बोलू द्या, हा माझा आवडता भाग आहे.

ड्रोनला बाहेरच्या दोन गोष्टी लागतात: चालवणाऱ्याशी रेडिओची तार आणि जीपीएस. जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरून येतो, पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की जवळचा लहानसा ट्रान्समीटरही त्याला बुडवू शकतो. त्यातही आपण वापरतो त्या नागरी जीपीएसला सही नाही. म्हणजे 'मी उपग्रह बोलतोय' असं कोणीही म्हणू शकतं आणि ड्रोन विश्वास ठेवतो. याला स्पूफिंग म्हणतात. रेडिओचं तेच. हौशी आणि कॉलेजच्या ड्रोनमध्ये मॅव्हलिंक नावाची भाषा सर्रास वापरतात. ती मुळात उघडी आहे, एन्क्रिप्शन नाही. दुसऱ्या आवृत्तीत संदेशावर सही करायची सोय आली, पण ती चालू करावी लागते. ज्युनिअर मंडळी, तुमच्या फायनल इयर प्रोजेक्टमध्ये ती चालू आहे का बघा. सेटिंगचं एक पान आहे फक्त.

मग जॅमर पुरत नाही तो का? कारण समोरचाही शिकतो. युक्रेनच्या आघाडीवर दोन्ही बाजू आता ऑप्टिकल फायबरचे ड्रोन वापरतात. ड्रोनच्या पोटाखाली रिळ असतं, केसासारखी काच मागे सुटत जाते, कित्येक किलोमीटर. रेडिओच नाही तर जॅम काय करणार? आणि १ जून २०२५ ला युक्रेननं ट्रकमध्ये लपवून नेलेले ११७ ड्रोन रशियाच्या आत खोलवर जाऊन सोडले, हवाई दलाच्या तळांवर उभी असलेली मोठी विमानं पेटवली. त्यात आर्डूपायलट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरलं गेलं. हौशी लोकांनी खेळण्यातली विमानं उडवायला सुरू केलेला प्रकल्प तो. आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरं तेच डाउनलोड करतात. सॉफ्टवेअरवर बंदी घालून हा प्रश्न सुटणारा नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

चला, युद्धातून परत नागपुरात. माझा एक मित्र लग्नाचं शूट करतो. तो मला नेहमी म्हणतो, 'अबे, अडीचशे ग्रॅमच्या खालचा आहे माझा, त्याला काही लागत नाही.' हा गैरसमज फार पसरलाय, म्हणून सांगतो. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा नॅनो, दोन किलोपर्यंत मायक्रो, पंचवीस किलोपर्यंत स्मॉल. नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही, मायक्रोला फक्त धंद्यासाठी नसेल तर लागत नाही. पण कुठे उडवायचं याचा नियम वजन बघत नाही.

विमानतळाच्या कुंपणापासून पाच किलोमीटरच्या आत विसरून जा. सोमलवाडा, मनीषनगर, खामला, जयताळा, मिहान, ही सगळी मंडळी त्यात आली. पाच ते आठ किलोमीटर यलो झोन, जमिनीपासूनच, म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी हवी. आठ ते बारामध्ये दोनशे फुटांपर्यंत मोकळीक. त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये चारशे फूट. पूर्वी यलो झोन ४५ किलोमीटरपर्यंत होता, म्हणजे जवळजवळ अख्खं नागपूर आणि वर कामठी-बुटीबोरीही. २०२१ नंतर तो १२ वर आला, ही मोठी सूट आहे. त्यात वायुसेनानगर, अंबाझरीचा आयुध कारखाना असली ठिकाणं वेगळी. आणि पोलीस तात्पुरता रेड झोनही जाहीर करू शकतात, एका वेळी ९६ तासांपर्यंत. शिवाय पोलिसांचे मनाई आदेश असतात. २०२४ च्या सुरुवातीला महालातल्या संघ मुख्यालयाच्या परिसरात फोटो, व्हिडिओ आणि ड्रोनला असाच मनाई आदेश होता. लग्नाच्या सकाळी डिजिटल स्कायचा नकाशा बघा आणि ठाण्यात एक फोन करा, दोन्ही.

आणखी एक: ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी बनावटीचा तयार ड्रोन आयात करायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा सोडून. सुटे भाग आणता येतात. तरी बाजारात नवेकोरे चिनी ड्रोन मिळतात. ते कसे येतात ते दुकानदाराला विचारा, आणि बिल मागा. बिल मागितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मात्र शेतीच्या ड्रोनची. विदर्भात हा विषय काही गंमतीचा नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. डोक्याएवढी उंच वाढलेली पराटी, पाठीवर पंप, तोंडाला फडकं, आणि फवारा अंगावर. ड्रोननं फवारलं तर माणूस धुऱ्यावर उभा राहतो, औषध त्याच्या नाकात जात नाही. एकराला पंपानं जिथे शंभर-दीडशे लिटर पाणी लागतं, तिथे दहा लिटरच्या आसपास पुरतं. १५ ऑगस्ट २०२३ ला घोषणा झालेली नमो ड्रोन दीदी योजना पंधरा हजार महिला बचत गटांसाठी आहे. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त आठ लाख अनुदान, आणि गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण. अडचणी आहेतच. बॅटरी दहा-पंधरा मिनिटांत बसते, मग दिवसभर चार्जिंगसाठी जनरेटर सोबत फिरवा. वारा सुटला तर औषध शेजाऱ्याच्या संत्र्यावर. पण दिशा बरोबर आहे.

आता सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रानं नागरी ड्रोनसाठी नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी ठेवला. त्यात तिसऱ्या पक्षाचा विमा सक्तीचा, अपघातात कोणी गेलं किंवा जखमी झालं तर भरपाई, दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात. हे उत्तमच आहे. पण २०२१ च्या नियमांत जास्तीत जास्त दंड एक लाख होता, आणि मसुद्यात काही गुन्ह्यांना तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. गुन्हे दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. ट्रकभर ड्रोन लपवून आणणाऱ्याला तीन वर्षं कमीच आहेत. पण कागद अपुरा असलेल्या बचत गटाच्या ताईला, किंवा स्वतः ड्रोन बनवून मैदानात उडवणाऱ्या थर्ड इयरच्या पोराला तोच दरवाजा उघडा ठेवायचा का? आणि ज्या रात्री अख्खं गाव जागं आहे, त्या रात्री पोलिसांना सापडेल तो पहिला ड्रोनवाला कोण असेल? पहाटे वारा पडलेला असताना फवारणी करायला निघालेली तीच ताई. तिच्या ड्रोनवर बीकन असता तर गावाला आधीच फोनवर दिसलं असतं की हा अमुक बचत गटाचा आहे, तमुक शेतावर चाललाय.

कायदा कडक करायच्या आधी ओळख द्या, हा माझा क्रम आहे. तुमचा वेगळा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, दोन मिनिटांच्या आत. मागच्या वेळी एकानं अकरा मिनिटांची पाठवली होती, ऐकली पूर्ण, पण राजेहो दया करा. कोणी फवारणीचे ड्रोन चालवत असेल, खास करून काटोल, कळंब, वणी भागात, तर मला बोलायचंय तुमच्याशी: दिवसाला किती एकर होतात, बॅटऱ्यांचा खर्च किती, विमा मिळतो का. पुढचा भाग त्यावरच करू. भेटू.